वाचकांचे प्रश्न : उत्तरेत उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे

प्रश्न : पृथ्वी एकाच दिशेने फिरते. मग वारे उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे का वळतात?

उत्तर : पृथ्वीगोल हातात घ्या आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा. उत्तर ध्रुवाकडून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. फिरवणं न थांबवता खालून पाहा, तोच काट्यांच्या दिशेने फिरताना दिसेल.

आता पुठ्ठ्याची 30 सेंमी व्यासाची चकती कापून मधोमध टाचणीने थर्माकोलवर टोचा. दोन पुस्तकांच्या आधाराने तिच्यावर पट्टी आडवी ठेवा. एकाने चकती काट्यांच्या उलट सावकाश फिरवायची, दुसऱ्याने पट्टीच्या कडेने केंद्राकडून बाहेर पेन्सिल ओढायची. हात सरळच जातो, पण चकतीवरची रेघ उजवीकडे वळते. चकती काट्यांच्या दिशेने, म्हणजे दक्षिण गोलार्धासारखी, फिरवली की डावीकडे. रेघ पुरी होईपर्यंत चकती पाव फेरा फिरली की पुरे. जास्त फिरवली तर रेघेचं वेटोळं होतं. पट्टी चकतीला टेकून तिच्याबरोबर फिरली तर रेघ सरळ येते आणि प्रयोग फसला असं वाटतं.

विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी सुमारे 1,670 किमी, तर 60 अंशांवर त्याच्या निम्मा. म्हणून उत्तरेला निघालेली वस्तू पूर्वेकडे पुढे सरकते, असं स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी मिळतं. ते अपुरं आहे, कारण नेमकी पूर्वेला जाणारी वस्तूही वळते. ती जमिनीपेक्षा वेगाने फिरत असल्याने पृथ्वीच्या अक्षापासून दूर जाऊ पाहते. या ओढीचा जमिनीला समांतर भाग विषुववृत्ताकडे असतो. उत्तरेत पूर्वेकडे तोंड केलं तर ती उजवी बाजू.

प्रश्न : वारा उजवीकडे वळतो, तर उत्तरेतली चक्रीवादळं काट्यांच्या उलट, म्हणजे डावीकडे कशी फिरतात?

उत्तर : हवा चहूबाजूंनी कमी दाबाच्या केंद्राकडे धावते. प्रत्येक झोत उजवीकडे सरकल्याने केंद्र हुकतं आणि त्याच्या डाव्या हाताला राहतं. दाबातला फरक मात्र त्याला आत ओढतच असतो, त्यामुळे झोत केंद्र डावीकडे ठेवून घिरट्या घालतो. वाऱ्याला वळवणारा हा परिणाम अक्षांशाच्या ज्येप्रमाणे (साइन) बदलतो आणि विषुववृत्तावर शून्य होतो. म्हणून 5 अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच तयार होतं. डिसेंबर 2001 मधलं सिंगापूरजवळचं ‘वामेई’ हा दुर्मीळ अपवाद.

प्रश्न : बेसिनमधला भोवराही गोलार्धानुसार फिरतो का?

उत्तर : घरच्या बेसिनमध्ये नाही. 45 अंशांवर सेकंदाला 10 मीटर वेगाचा झोत मोकळा सोडला, तर तासाभरात तो सुमारे साडेसहा किमी बाजूला जाईल. बेसिनमधलं पाणी सेकंदाला 10 सेंमी वेगाने 10 सेकंद वाहिलं, तर सरकेल अर्धा मिलिमीटर. तोटीची धार, भांड्याचा उतार, बूच काढतानाचा हिसका, यांतलं काहीही त्याच्यावर सहज मात करतं.

परिणाम असतो मात्र खरा. 1962 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अॅशर शपिरो यांनी 1.8 मीटर व्यासाच्या, सपाट तळाच्या टाकीत 15 सेंमी पाणी भरून ते 24 तास स्थिर ठेवलं आणि मधल्या सुमारे 1 सेंमी छिद्रातून सोडलं. टाकी रिकामी व्हायला 20 मिनिटं लागली. पहिली 12 ते 15 मिनिटं फिरणं दिसावं म्हणून पाण्यावर ठेवलेला तरंगता तुकडा जागचा हलला नाही, मग काट्यांच्या उलट फिरू लागला. 1965 मध्ये सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे तो काट्यांच्या दिशेने फिरला.