देवाची सोबत ओळखताना: नव्या विश्वासणाऱ्यास
प्रिय बंधू, बाप्तिस्म्यानंतरचा पहिला उत्साह ओसरला आणि आता प्रार्थना कोरडी वाटते, असे तुम्ही म्हणालात. म्हणून लूककृत शुभवर्तमानाचा 24वा अध्याय या आठवड्यात सावकाश वाचा. यरुशलेमेहून अम्माऊस गावाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन शिष्य पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेल्या, प्रभू येशूबरोबरच चालत होते, तो त्यांना शास्त्रलेख उलगडून सांगत होता, तरी त्यांनी त्याला ओळखले ते दिवस कलल्यावर, घरात, भाकर मोडताना. आणि आपले अंतःकरण वाटेतच पेटले होते, हे त्यांच्या ध्यानात मागाहून आले. माझाही अनुभव असाच आहे: देवाची सोबत बहुधा मागे वळून पाहताना दिसते. म्हणून रात्री निजण्यापूर्वी दिवसभरातील एकच प्रसंग वहीत लिहा, मग तो शेजारणीने आणून दिलेला डबा असो किंवा ओठांवर आलेला कठोर शब्द आवरला गेल्याचा क्षण असो. काहीच आठवले नाही तर बायबलमधील स्तोत्रसंहितेतले 13वे स्तोत्र मोठ्याने म्हणा. त्यात स्तोत्रकर्ता देवाला ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मला वाटते, हे विचारणे हीसुद्धा आशाच आहे, कारण जो ऐकणारच नाही त्याला कोणी असे विचारत नाही. रविवारची उपासना मात्र चुकवू नका. अम्माऊसचे ते दोघे शिष्यही प्रभूला ओळखताच त्याच घटकेस उठून, सुमारे 11 किलोमीटरची वाट पुन्हा तुडवीत, यरुशलेमेत जमलेल्या शिष्यांकडे परतले होते.