चेन किती सोडलीस ते आधी सांग

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी लोकलमध्ये वाचला, बेलापूर यायच्या आत दोनदा. "काका, वारा थांबतच नाहीये, बोट सरकतेय की मला भास होतोय कळत नाही, बाकीचे मस्त झोपलेत, मला हे जमणार नाही बहुतेक, ऐरोलीला परत येऊ का." जमतं की नाही ते नंतर बघू रे. नांगराची चेन किती बाहेर आहे?

तेवढं सोडून सगळं लिहिलंस. मी सांगतो काय झालं असणार. राजपुरीच्या खाडीत ओहोटीला पोचलात, 4 मीटर पाणी दिसलं, पाचपट म्हणून 20 मीटर चेन सोडली आणि चहा टाकला. आणि भरती? समज 3 मीटर पाणी चढलं, वर बोटीच्या नाकाची उंची 1 मीटर, झाले 8, म्हणजे चेन पाहिजे 40. नुसता दोर असता तर सातपट. लांब चेन तळाला पडून राहते म्हणून ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात अजून रुततो, आखूड असली की तीच ओढ त्याला वर उचलते. बाकी त्यात काही नाही. चेन सोड.

सरकतेय का ते मनाला विचारू नकोस, पुढे जाऊन चेनवर हात ठेव. नांगर घसरत असेल तर खरखर थरथर हाताला लागते. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेव, पण पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की बोट गर्रकन फिरेल, रेषा मोडेल, तेव्हा लगेच घाबरून मला फोन नको. आणि हो, लांब चेनवर बोट फिरण्याचा घेरा मोठा होतो, शेजारच्या होड्या आखूड दोरावर असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

मला दिवाळे गावच्या कोळ्यांनी हेच शिकवलं. दोर सोडायला कंजूसपणा करायचा नाही, बस. माझ्यावर हसणारे पुष्कळ होते, सगळे किनाऱ्यावर जेवायला गेले की मी बोटीवर, बायको म्हणायची तुम्ही फिरायला जाता की पहारा द्यायला. वाऱ्याची वाट बघत बसण्यात लक्षद्वीप राहून गेलं, त्याची खंत आहे, ती जाणार नाही. पण चेनच्या बाबतीत मी बरोबरच होतो, आजही कोणाशीही भांडेन, आणि उघड्या बंदरात सगळे एकदम उतरले की मला आजही राग येतो.

परत यायचं तर ये, घर तुझंच आहे. पण जाग येते म्हणून येऊ नकोस, जाग आलीच पाहिजे, झोपलेत त्यांचं कौतुक मला सांगू नकोस.

चेनवर दर 5 मीटरला रंगाचे पट्टे मारायला लावले होते ना तुला? मोज आणि आकडा पाठव. "बऱ्यापैकी सोडलीय" असं लिहिलंस तर उत्तर देणार नाही.