मुलीचा अर्ज मुलीला भरू द्या

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७२ टक्के आहेत. आइसलँडमध्ये वीजकेंद्रातला वायू जमिनीत सोडून त्याचा दगड करतात, हे यूट्यूबवर पाहिल्यापासून ती जिऑलॉजीचा हट्ट धरून बसली आहे. मी इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅपमध्ये कॉम्प्युटरचे पर्याय भरून टाकलेत, तिला अजून सांगितलेलं नाही. गॅस जमिनीत कोंडण्यात कसलं करिअर? उद्या तो बाहेर आला तर? तुम्हीच तिला समजवा. – एक पालक, कराड

उत्तर : ‘तिला अजून सांगितलेलं नाही’ या वाक्यापाशीच मी अडकले. चार वर्षं शिकायचं तिने, आणि पर्याय भरले गेले तिच्या पाठीमागे. अलॉटमेंटचा मेसेज आल्यावर तिला कळणार. त्यानंतर ती तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल? नावडत्या शाखेत ढकललेली मुलं माझ्याकडे एटीकेटीचे विषय घेऊन येतात, आणि बहुतेकांनी निकाल घरी लपवलेला असतो. लपवायला ती घरातच शिकलेली असतात. हे लागेल तुम्हाला, पण लिहायलाच हवं. मुलीला पोटापाण्याची नोकरी मिळावी ही तुमची काळजी रास्त आहे. ती तिच्यापुढे बोलून दाखवा. तिचं मन वळवायचं काम मी करणार नाही.

आता गॅस ‘कोंडण्या’बद्दल. रेक्याविकजवळच्या हेल्लिशेइदी भूऔष्णिक केंद्रात वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइडही वर येतो. कार्बफिक्स प्रकल्पात हे वायू पाण्यात विरघळवून ते पाणी खोल बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात सोडतात. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते वर येऊ पाहत नाही. ते आम्लधर्मी असल्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटतं आणि कार्बनशी संयोग होऊन कार्बोनेट खनिजं तयार होतात. गंधकाचं पायराइट हे खनिज होतं. २०१२ मध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मग बाहेर येणार काय? अडचणी वेगळ्याच आहेत. टनभर वायूला वीस टनांहून जास्त पाणी लागतं. शिवाय याच केंद्राचं वापरलेलं पाणी जमिनीत परत सोडताना २०११ मध्ये भूकंपाचे धक्के बसले. कोयनेच्या शेजारी राहणाऱ्यांना याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

आपल्या घाटातला काळा कातळही बेसॉल्टच, तो जवळून बघा. त्याच्या भोकांत पांढरे खडे बसलेले दिसतील, कॅल्साइटचे किंवा झिओलाइटचे. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानेच ते घडवलेत. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन साठवता येईल का, यावर आपल्याकडेही संशोधन चालू आहे. आयआयटी मुंबईत तर कार्बन पकडण्यावरचं राष्ट्रीय केंद्रच आहे. मुलगी हवेतलं काही बोलत नाहीये.

वाट नेहमीचीच : बीएस्सी जिऑलॉजी, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, आणि त्यापुढे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा.

मुलीलाही एक स्पष्ट सांगते. कार्बफिक्ससारख्या नोकऱ्या जगात मोजक्या आहेत. तेवढ्याच डोळ्यांपुढे ठेवून शाखा निवडू नकोस. भूजल, खाणी, बोगदे ही कामं करायची तयारी आहे का? उन्हातान्हात हिंडायची? आणि त्या व्हिडिओत दिसलं ते निम्मं रसायनशास्त्र आहे. बारावीच्या केमिस्ट्रीतलं तुला काय आवडलं, काय जड गेलं, ते मला लिही. पत्र मात्र तुझं तू लिही, बाबांकडून नको.