वाचकांचे प्रश्न : कपड्यांची अदलाबदल आवडीची कशी व्हावी?

प्रश्न : आमच्या सोसायटीत आम्ही काही जणींनी गेल्या वर्षी कपड्यांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम ठेवला होता. क्लबहाउसमध्ये कपड्यांचा ढीग जमला, पण घेणारे जेमतेम दहा-बारा जण निघाले. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, ‘दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कपडे आपण का घालायचे?’ कॉलेजातल्या मुली फिरकल्याच नाहीत, कारण त्यांना फोनवर तीनशे रुपयांत नवा टॉप मिळतो. यंदा नवरात्राआधी पुन्हा प्रयत्न करायचा आहे. काय बदलावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘ढीग’ या शब्दापाशी मी थांबले. ढिगातून उपसून काढलेला कपडा हातात घेताना माणसाला काहीतरी मागून घेतल्यासारखे वाटते. तोच कपडा धुऊन, इस्त्री करून हँगरवर लावलेला असेल, तर तो आपण पसंत केला असे वाटते. म्हणून यंदा कपडे दोन दिवस आधी जमा करून घ्यावेत आणि दोघी-तिघींनी ते उजेडात नीट तपासावेत. जो कपडा आपण आपल्या मैत्रिणीला संकोच न वाटता देऊ शकणार नाही, तो त्याच वेळी नम्रपणे परत करावा. सुरुवातीला याचा काहींना राग येईल, पण पहिल्या वर्षी एवढे कटाक्षाने केले की पुढच्या वर्षी लोक आपणहून चांगले कपडे आणतात.

ज्येष्ठांच्या आक्षेपाला मात्र जुनाट म्हणून बाजूला सारू नये. आपल्याकडे उतरलेला कपडा देणे आणि घेणे यात वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरलेले असे, आणि असे कपडे नाइलाजाने वापरावे लागल्याची आठवण ज्या घरांत आहे, त्यांच्यासाठी नवा कपडा ही चैन नसून मानाची गोष्ट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना पेहराव बदलण्यास सांगितले, तेव्हा कपड्याला ठिगळ असले तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असला पाहिजे, असेही सांगितले होते. कपड्याचा मान तो नवा असण्यात नसून तो आपण कसा वागवतो यात आहे, हा विचार अदलाबदलीलाही लागू पडतो. जिथे प्रत्येक जण काही आणतो आणि प्रत्येक जण काही नेतो, तिथे दाता आणि याचक असे दोन गट उरत नाहीत. त्यामुळे आपल्या कार्यक्रमात ‘दान’, ‘गरजूंसाठी’ हे शब्द फलकावरही येऊ देऊ नयेत. ते काम वेगळे आहे आणि वेगळ्या दिवशी करावे.

शिवाय वापरलेल्या कपड्याचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. बाळाची पहिली दुपटी आणि झबली जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची करण्याची रीत अनेक घरांत आजही आहे, आजीच्या लुगड्यांची गोधडी आपण आवडीने पांघरतो आणि आईचा शालू नेसून लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीला कोणी ‘उतरलेले नेसली’ म्हणत नाही. या सर्व ठिकाणी कापड कोणाचे आहे आणि ते का जपले, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून प्रत्येक कपड्याला एक छोटी चिठ्ठी दोऱ्याने बांधावी आणि देणारीने तिच्यावर दोन ओळी लिहाव्यात : ही इरकल कुठून घेतली, हा कुर्ता कोणत्या मुलाखतीला घातला होता, आता का देत आहे. नाव लिहायचे की नाही, हे तिच्यावर सोडावे.

नवरात्राचा मुहूर्त आपण अचूक निवडला आहे. मुंबई-ठाण्यात नऊ दिवसांचे नऊ रंग पाळण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यापायी दरवर्षी किती स्वस्त साड्या आणि कुर्ते एका दिवसासाठी विकत घेतले जातात, हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही स्त्रीला विचारावे. रंग आधीच जाहीर होतात. तेव्हा मांडणीच रंगांप्रमाणे करावी आणि ज्यांना साडी कायमची द्यायची नसेल त्यांना नऊ दिवसांपुरती उसनी देण्याची मुभा ठेवावी. साडीला मापाची अडचण नसते, त्यामुळे अदलाबदलीत ती सर्वात सहज फिरते; तिच्याखालोखाल ओढण्या आणि मुलांचे कपडे. मुलांचे कपडे फाटण्याआधीच आखूड होतात, म्हणून जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी गणवेशांची वेगळी अदलाबदल ठेवली, तर त्या एकाच दिवसात पालकांचा विश्वास बसेल, असे मला खात्रीने वाटते.

हिशेबासाठी एका कपड्याला एक टोकन पुरेसे आहे. फक्त रोजचे सुती कपडे आणि समारंभाचे कपडे यांची टोकने वेगळ्या रंगांची असावीत, म्हणजे चांगली रेशमी साडी आणणारीला साध्या टी-शर्टवर समाधान मानावे लागणार नाही. आरसा आणि कपडे घालून पाहण्यासाठी पडदा लावलेली जागा हवीच, कारण लेबलावरच्या मापांवर कोणी विसंबू शकत नाही.

सर्वात महत्त्वाची सूचना अशी की आपल्या भागातल्या शिंप्याला त्याच्या मशीनसह त्या दिवशी बोलवावे आणि त्याची मजुरी सोसायटीने द्यावी. बाही आखूड करणे, चेन बदलणे, काज-बटण, फॉल-पिको ही कामे तिथल्या तिथे झाली, की ‘मला होणार नाही’ हे कारण उरत नाही. पूर्वी शिवताना कपड्याच्या आत ‘माया’ ठेवत असत, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवून सैल करता येईल इतके कापड शिलाईच्या आत राखत. अतिस्वस्त तयार कपडा उलटा करून पाहिला, तर ही माया जवळजवळ नसते. शिंप्याने दोन कपडे उलटे करून मुलींना शेजारी शेजारी दाखवावेत. तीनशे रुपयांत काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे त्यांना व्याख्यानाशिवाय समजेल.

कॉलेजातल्या मुलींना नुसते आमंत्रण देऊ नये; मांडणी, छायाचित्रे आणि घोषणा यांचा कारभारच त्यांच्या हाती सोपवावा. फॅशनची त्यांची आवड हा दोष नाही. दर महिन्याला वेगळे काही घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि अदलाबदल ती इच्छा नवे कापड न विणता पुरवते, ही तिची खरी ताकद आहे. त्यांना धाक घालण्याची गरज नाही; मात्र विचारले तर खरे सांगावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. ती बहुतांशी परदेशी ब्रँडांसाठी कपडे शिवणारी कामगार होती आणि त्यांच्यात तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असतानाही त्यांना कामावर यायला लावले होते.

प्रश्न : काही मोठ्या दुकानांत जुने कपडे टाकण्यासाठी पेटी असते आणि त्याबद्दल पुढच्या खरेदीवर सवलत मिळते. तिथे टाकलेल्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फारच थोड्या प्रमाणात. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, जगात कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग पुन्हा नव्या कपड्यांत येतो. आजचा पुष्कळसा स्वस्त कपडा कापूस, पॉलिएस्टर, इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) अशांच्या मिश्रणाचा असतो, आणि एकत्र कातलेले हे धागे वेगळे करणे कठीण व खर्चिक असते. यंत्राने कापड पिंजले की तंतू तुटून आखूड होतात, म्हणून पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांपासून जे सूत काढतात त्याची मुख्यतः ब्लँकेटे होतात. तो उद्योग मोलाचा आहे, पण जुन्या शर्टाचा नवा शर्ट होतो असा समज त्यावरून करून घेऊ नये. श्रीमंत देशांतून गोळा झालेल्या कपड्यांचा मोठा भाग परदेशी विकला जातो. घानामधील आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात असे गठ्ठे सतत येतात आणि त्यातले जे विकण्याजोगे नसते, ते त्या शहराच्या गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर साचते.

सवलतीचे कूपन आपल्याला त्याच दुकानात पुन्हा नेते, हेही ध्यानात घ्यावे. माझ्या मते कपड्यासाठीचा क्रम असा असावा : आधी तो अधिक वर्षे वापरणे, मग दुरुस्त करणे, मग दुसऱ्याला देणे, आणि तंतू सुटे करण्याची वेळ अगदी शेवटी. आपल्या आज्यांना हे सांगावे लागत नसे. साडी मध्येच विरली की तेवढा भाग कापून दोन चांगले तुकडे जोडत आणि त्याला ‘दंड घालणे’ म्हणत.

प्रश्न : आम्ही अजूनही जुने कपडे बोहारणीला देतो. अदलाबदल सुरू झाली तर तिचे पोट कसे चालेल? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. कपड्यांवर भांडी देणाऱ्या या स्त्रिया दारोदार फिरून कपडे गोळा करतात, त्यांची प्रतवारी करून ते जुन्या बाजारात विकतात, तिथे ते धुऊन, शिवून, इस्त्री होऊन नव्या गिऱ्हाइकाकडे जातात. म्हणजे चक्राकार फॅशन या नावाने आज ज्याची चर्चा होते, ते काम त्यांनी पिढ्यान् पिढ्या केले आहे. आपल्याकडे अदलाबदल झाल्यावर कितीतरी कपडे मागे राहतील. ते एखाद्या संस्थेला कळवल्याशिवाय पोती भरून पाठवण्याऐवजी, त्याच दिवशी संध्याकाळी बोहारणीला बोलवावे आणि त्या बदल्यात भांडी न मागता ते तिला तसेच द्यावेत. त्याआधी, शक्य असेल तर कपडे जमा होतील तेव्हाच, ते तपासायला तिलाही सोबत बसवावे आणि त्या वेळेची मजुरी द्यावी. साडी उजेडासमोर धरून ती किती दिवस टिकेल आणि तिचे जरीकाम खरे आहे की नाही, हे तिच्याइतके अचूक सोसायटीतले कोणी सांगू शकणार नाही.