सॅक पाठीच्या मापाने घे

रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेक करायचा म्हणतोयस, तर सॅक किती लिटरची ते नंतर बघ, आधी पाठ मोजून घे. मान खाली घातलीस की मानेच्या मुळाशी जो मणका सर्वांत उठून दिसतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत टेप लाव. हे तुझं सॅकचं माप. आपल्या उंचीवरून सॅक ठरवू नकोस. मी सहा फुटी, पण पाठ आखूड. पहिली सॅक उंची बघून घेतली आणि याच वाटेवरची कात्राबाईची खिंड चढेपर्यंत खांदे सोलवटून निघाले.

दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. दहा-बारा किलो वजन भरायला लाव. सगळे पट्टे सैल कर, आधी कमरेचा पट्टा आवळ. तो पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, कारण बहुतेक भार तिथेच उतरायचा असतो. मग खांद्याचे, शेवटी छातीचा. पंधरा मिनिटं तशीच फिर, जमलं तर जिना चढ. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

तंबू आणि शिधा वाटून घेणार असाल तर ५० ते ६० लिटर पुरे. ऐंशीची घेतलीस तर ती भरेपर्यंत तुला चैन पडणार नाही! बाजूला फुगलेली सॅकही नको, रतनगडाच्या शिडीवर आणि कारवीच्या झुडपांत अडकते. रेनकव्हर असलं तरी कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीतच भर.