होस्टिंग बदलताना नेमसर्व्हर बदलले तर ईमेल बंद पडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानाची डॉट कॉम वेबसाइट नव्या होस्टिंगवर न्यायची आहे, नवे होस्टिंगवाले ‘आमचे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) टाका’ म्हणतात, आणि ऑर्डरचे ईमेल येतात ते गूगल वर्कस्पेसवर. ते बंद पडतील का?

आंधळेपणाने नेमसर्व्हर बदलले तर हो, पडतील. म्हणून शक्य असेल तर नेमसर्व्हरला हातच लावू नका. डीएनएस, म्हणजे डोमेनच्या या नोंदी, आत्ता जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि फक्त ए रेकॉर्डमध्ये (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे अंकी पत्ता, टाका. साइट हलते, ईमेल जागचे हलत नाहीत. होस्टिंगवाले नेमसर्व्हर मागतात कारण त्यांना ते सोपं जातं. तुम्ही आयपी मागितलात तर तो मिळतो.

नेमसर्व्हर बदलणं म्हणजे डोमेनची अख्खी वही दुसऱ्याकडे देणं. नव्या वहीत जुन्या नोंदी आपोआप उतरत नाहीत. उलट सीपॅनेलसारखं होस्टिंग सांभाळायचं पॅनेल एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद) स्वतःच्याच सर्व्हरकडे लावून ठेवतं, त्यामुळे गिऱ्हाइकाचा मेल गूगलकडे न जाता तिकडे जातो.

फक्त ए रेकॉर्ड बदललात तरी सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ हा पर्याय उघडून ‘रिमोट’ निवडा. ते ‘लोकल’ राहिलं तर बाहेरचे सगळे मेल नीट येतात, पण साइटवरच्या चौकशी फॉर्मचे मेल सर्व्हर स्वतःकडेच ठेवून घेतो. हे पटकन लक्षात येत नाही, गिऱ्हाइकं मात्र तुटतात. नवा सर्व्हर तुमच्या नावाने मेल पाठवणार असेल तर त्याचा आयपी आधीपासून असलेल्या एसपीएफ नोंदीतच जोडा (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची ती यादी). दुसरी एसपीएफ नोंद करू नका, दोन असल्या की तपासणीच फसते.

‘बदल दिसायला 48 तास लागतात’ असं म्हणतात, त्याचं काय? डॉट कॉमचे वरचे सर्व्हर नेमसर्व्हरच्या नोंदी 172800 सेकंदांच्या टीटीएलने (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) देतात, म्हणजे बरोबर 48 तास. तो आकडा नेमसर्व्हर बदलण्याचा आहे. ए रेकॉर्डला त्याचा स्वतःचा टीटीएल लागू होतो. बदल कुणी जगभर ‘पसरवत’ नाही. ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरनी (लोकांसाठी डोमेनचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) साठवलेलं जुनं उत्तर मुदत संपली की टाकलं जातं, एवढंच. टीटीएल 86400 असेल तर बदलाच्या आदल्या दिवशी, पूर्ण 24 तास आधी, तो 300 करा. मग बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवी साइट दिसेल. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुनी मुदत आधीच वाटली गेलेली असते.

चार ए असलेला (AAAA) रेकॉर्डही बघा. त्यात आयपीव्ही6चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीचा, पत्ता असतो. तो जुन्या सर्व्हरचाच राहिला तर ऑफिसच्या वायफायवर नवी साइट आणि जिओच्या मोबाइलवर जुनी, असा घोळ होतो, कारण जिओचं मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही6वर चालतं. नव्या होस्टिंगकडे आयपीव्ही6 नसेल तर तो रेकॉर्ड काढून टाका. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी वेगळा ए रेकॉर्ड असेल तर तोही बदला.

नेमसर्व्हर बदलणं अगदीच भाग असेल, तर आधी प्रत्येक नोंद नव्या पॅनेलमध्ये उतरवा आणि मगच बदला. डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही तपासायला लागणारी) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद लांबलचक असते, चिकटवताना ती अर्धवट तुटते. शेवटचं अक्षर जुळतंय का ते पाहा. आणि डोमेनवर डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते सहीने तपासणारी सोय) चालू असेल तर रजिस्ट्रारकडची, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलंय तिथली, डीएस नोंद (त्या सहीची खूण) आधी काढा, तिचा टीटीएल संपू द्या. ती राहिली तर नव्या सर्व्हरची उत्तरं तपासणीत नापास होतात आणि साइट, ईमेल दोन्ही जातात.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, आठवडाभर चालू ठेवा. ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर बदल रात्री उशिरा करा आणि जुन्या साइटवर तेवढा वेळ ऑर्डर घेणं थांबवा, नाहीतर काही ऑर्डरी जुन्या डेटाबेसात पडून राहतील.