वाचकांचे प्रश्न : वाडा पाडला, साहित्य कुठे गेले?

प्रश्न : मी बी.आर्क. पूर्ण केले असून दोन वर्षांपासून एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात काम करते. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाच्या एका कामासाठी जुना दुमजली वाडा पाडला गेला. त्यातील सागवानी तुळया, घडीव दगड आणि विटा चार दिवसांत ट्रकमधून गेल्या. कुठे, ते कोणालाच सांगता आले नाही. तेव्हापासून शाश्वत अर्बन डिझाइन आणि ‘चक्रीय शहर’ (साहित्य फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरणारे शहर) या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते. नेदरलँड्समधील अभ्यासक्रमांची माहिती वाचली, पण कोणता निवडावा आणि परत आल्यावर त्याचा इथे उपयोग होईल का, हे कळत नाही. घरच्यांना कर्ज काढावे लागेल. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ट्रक कुठे गेले हा आपल्या पत्रातला प्रश्न मला अभ्यासक्रमाच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याकडे वळतो. जुने सागवान सहसा वाया जात नाही. पाडकाम घेणारा ठेकेदार त्याची किंमत आधीच धरून बोली लावतो आणि ते लाकूड जुन्या लाकडाच्या बाजारात पोहोचते. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या इमारतींचे बर्मा टीक वर्षानुवर्षे नव्या रूपात विकले जात आहे. दगडालाही गिऱ्हाईक मिळते. बाकीचा राडारोडा मात्र बहुधा एखाद्या खाणीत, ओढ्यात किंवा नदीकाठी जाऊन पडतो.

विटांचे काय होते हे त्या कशाने जोडल्या आहेत यावर ठरते. चुन्यात बांधलेल्या भिंतीची वीट हातोडीने झाडून पुन्हा वापरता येते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटी करू गेल्यास सांध्याआधी वीटच फुटते. कोपनहेगनमधील ‘रिसोर्स रोज’ या २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या गृहसंकुलात हीच अडचण होती. तेथे कार्ल्सबर्गच्या जुन्या मद्यनिर्मितीच्या इमारतींसह इतर जुन्या बांधकामांच्या भिंती विटा सुट्या न करता चौकोनी तुकड्यांत कापून काढल्या गेल्या आणि नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर बसवल्या गेल्या. उपाय कल्पक होता, पण खर्चिकही होता. आज आपण सांधा कसा करतो, यावर पन्नास वर्षांनी ती इमारत साहित्याचे कोठार ठरेल की राडारोडा, हे अवलंबून असते. चक्रीय शहराचा अभ्यास माझ्या मते येथूनच सुरू होतो. हिरव्या छतांची आणि सायकलमार्गांची सुंदर चित्रे त्यानंतरची आहेत.

नेदरलँड्समध्ये हा विषय शासकीय धोरणात शिरला आहे, म्हणून तेथे शिकण्याला अर्थ आहे. २०५० पर्यंत संपूर्ण चक्रीय होण्याचे आणि २०३० पर्यंत नव्या कच्च्या मालाचा वापर निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ॲमस्टरडॅमने २०२० च्या धोरणात ठेवले. त्याच शहराच्या उत्तर भागात ‘द स्यूव्हल’ नावाची जागा आहे. जहाजबांधणीच्या जुन्या आवारातील ही जमीन प्रदूषित असल्यामुळे तेथे पाया खणण्याऐवजी टाकाऊ हाउसबोटी जमिनीवर आणून त्यांत कार्यालये थाटली गेली आणि भोवती माती शुद्ध करणाऱ्या वनस्पती लावल्या गेल्या. जमीन दहा वर्षांच्याच करारावर मिळालेली असल्याने सारे काही उचलून नेता येईल असे रचणे भाग होते.

आता अभ्यासक्रमांविषयी. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील ‘अर्बनिझम’ हा पर्याय रेखाटन आणि संरचना यांवर भर देतो. डेल्फ्ट आणि वाखेनिंगेन या विद्यापीठांचा ॲमस्टरडॅममध्ये चालणारा ‘मेड’ (मेट्रोपॉलिटन ॲनालिसिस, डिझाइन अँड इंजिनिअरिंग) हा संयुक्त अभ्यासक्रम शहरातल्या प्रत्यक्ष प्रश्नावर गटाने काम करायला लावतो. लायडन आणि डेल्फ्ट मिळून चालवतात त्या ‘इंडस्ट्रियल इकॉलॉजी’त शहरात किती साहित्य येते, किती साठते आणि किती बाहेर पडते याचा हिशेब शिकवला जातो. तिन्ही दोन वर्षांचे आहेत. आपल्याला रेखाटनापेक्षा त्या ट्रकच्या हिशेबाने अस्वस्थ केले असेल, तर तिसऱ्याचा विचार अवश्य करावा, जरी नावात शहर नसले तरी. नेदरलँड्समध्ये वास्तुविशारद किंवा नगरसंरचनाकार ही पदनामे कायद्याने संरक्षित आहेत. त्यासाठी ग्राह्य पदवी आणि दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि प्रत्येक अभ्यासक्रम तशी पदवी देतोच असे नाही. तेथे नोकरी करण्याचा विचार असेल, तर अर्जापूर्वी ही चौकशी करावी.

उपयोगाबद्दल सांगायचे, तर आपल्याकडे नियम आले आहेत. ते अमलात आणणारी माणसे कमी आहेत. आय.एस. ३८३ या भारतीय मानकाने २०१६ पासून एम-२५ या मजबुतीच्या प्रतीपर्यंतच्या प्रबलित (सळया घातलेल्या) काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास परवानगी दिली आहे, तरीही किती निविदांत तिचा उल्लेख दिसतो? बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे २०२५ चे नवे नियम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात. आपण पाहिलेल्या वाड्याएवढी कामे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतात, आणि आपल्या जुन्या पेठा अशाच कामांनी बदलत आहेत. तेथे संरचनाकारालाच पुढाकार घ्यावा लागेल.

कर्जाबाबत मी सावध सल्ला देईन. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांचे शुल्क तेथील विद्यार्थ्यांच्या कित्येक पट असते आणि घरभाड्याचा बोजा वेगळा. आपण पात्र असाल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तसेच १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, यांचा आधी प्रयत्न करावा. दोन्ही न मिळाल्यास अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील किंवा दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधील अर्बन डिझाइनचा अभ्यासक्रम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते; चक्रीयतेचा विषय तेथे प्रबंधासाठी स्वतःहून निवडता येतो, आणि भारतीय शहराची आकडेवारी जमवण्यासाठी भारतीय शहरात असणे सोयीचेच आहे.

आपल्या कार्यालयाकडे पुढचे पाडकाम येईल तेव्हा ठेकेदार येण्यापूर्वी आठवडाभर मागून घ्या. तुळयांची लांबी-जाडी मोजा, भिंतींचे घनफळ काढा, सांधे चुन्याचे आहेत की सिमेंटचे ते नोंदवा, आणि शक्य झाल्यास शेवटच्या ट्रकपर्यंत माग काढा. ही नोंद नकाशांसह पोर्टफोलिओच्या पहिल्या पानांवर ठेवा.